ओझ्याचे वाटेकरी : कै. रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे

दिवाळी सरली म्हणजे आमच्या जिल्ह्यात कापसाचे दिवस सुरू होतात. खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांच्या वाटांवर कापसाने भरलेल्या गाड्यांची रीघ लागते, जिनिंगच्या आवारांत पांढरे डोंगर उभे राहतात, आणि त्याच दिवसांत आमच्या वर्गांतील काही बाकेही रिकामी पडू लागतात. काही वर्षांपूर्वी असेच एक बाक रिकामे पडले. चौकशी करता असे समजले की, त्या मुलाच्या वडिलांना ओझे वाहताना पाठीला भारी इजा झाली होती. त्यांनी अंथरूण धरले, मजुरी बंद झाली, आणि घरातील थोरला म्हणून आमच्या त्या विद्यार्थ्याने पुस्तके बांधून ठेवून बापाच्या जागी पोती उचलावयास आरंभ केला. आम्ही त्याच्या घरी दोनदा जाऊन आलो. बाप मुलाकडे पाहत नव्हता व मुलगा आमच्याकडे पाहत नव्हता. तो शाळेत पुन्हा आला नाही.

त्या घरून परतताना आम्हांस एका पुरुषाची आठवण झाली. कामावर असता जो मजूर जखमी होईल, त्याच्या पोटाची तजवीज ज्याने त्याच्याकडून काम घेतले त्याने करावी, ही गोष्ट या प्रांतात सन १८८४ सालीच त्यांनी मजुरांच्या भर सभेत मांडून मंजूर करून घेतली होती. त्यांचे नाव रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे. रविवारच्या सुटीचे जनक म्हणून पुष्कळांनी त्यांचे नाव ऐकले असेल. परंतु त्यांच्या या दुसऱ्या मागणीची ओळख फार थोड्यांस आहे. म्हणून यंदाच्या अंकात आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावे असे आम्ही योजिले आहे.

नारायणरावांचा काळ समजावयाचा तर त्या वेळच्या कापसाची वाट प्रथम पाहिली पाहिजे. कावसजी नानाभाई दावर यांनी सन १८५४ मध्ये मुंबईस कापडगिरणीची कंपनी काढली व सन १८५६ मध्ये ताडदेव येथे त्यांची गिरणी सुरू झाली. पुढे अमेरिकेत सन १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. नागपूरकडे जाणारा लोहमार्ग मलकापूर व शेगाववरून सन १८६७ पर्यंत पुरा झाला. जलंबहून खामगावास जाणारा फाटा सन १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते उघडला गेला. खामगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात मोडत असे. सन १९०५ मध्ये ते आपल्या जिल्ह्यात आले. तात्पर्य, आमच्या काळ्या रानात वेचलेला कापूस गठाणी बांधून मुंबईस जाऊ लागला, आणि तेथे ज्या हातांनी त्याचे सूत काढले त्या हातांशी आपले नाते जडले. नारायणराव हे त्या हातांचे कैवारी होत.

त्यांचा जन्म सन १८४८ मध्ये ठाणे येथे एका माळी कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. घरची स्थिती बेताची होती. ठाण्यास जे शिक्षण मिळाले तेवढ्यावर समाधान मानून त्यांस लवकरच नोकरी धरावी लागली. प्रथम त्यांनी रेल्वे व टपाल खात्यांत कारकुनी केली, आणि नंतर मुंबईस मांडवी भागातील एका कापडगिरणीत भांडारावरील कारकुनाची जागा पतकरली. ही जागा मोठ्या मानाची खचितच नव्हे. तथापि ज्या मनुष्यास पाहावयाचे आहे त्यास भांडाराच्या खिडकीतून पुष्कळ दिसते. गिरणीत येणारी प्रत्येक वस्तू भांडारात नोंदली जाते. तेल, पट्टे, चात्या, दोर यांतील काय झिजले, काय तुटले, त्याच्या बदली नवे काय आणले व त्यास किती पैसे पडले, हे सारे वहीत असते. मनुष्य झिजला किंवा मोडला तर त्याची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नसे. त्याच्या जागी दरवाजावर दुसरा उभा असे, आणि त्यास विकत आणावे लागत नसे.

त्या वेळच्या गिरणीत काम कसे चाले, हे आजच्या मुलांस सांगितल्यावाचून कळणार नाही. एकच मोठे वाफेचे इंजिन असे. त्याची गती छताजवळून जाणाऱ्या लांब दांड्यांना मिळे, आणि त्या दांड्यांवरून प्रत्येक यंत्रापर्यंत चामड्याचे पट्टे उतरत. हे पट्टे व चाके उघडीच फिरत. धोतराचा सोगा, पागोट्याचे टोक किंवा बाईच्या लुगड्याचा पदर त्यांत सापडला की मनुष्य ओढला जाई. लहान मुले चालू यंत्राखाली शिरून कापसाचा भुगा झाडीत. विजेचे दिवे नसल्यामुळे घड्याळाचे काम सूर्य करी. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत यंत्र चाले, म्हणजे उन्हाळ्यात मजुराचा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. थकलेला हात चुकतो, आणि चुकलेला हात यंत्र सोडीत नाही. अपघात बहुधा आळसापोटी होत नसून थकव्यापोटी होतात, हे ज्याने गिरणी आतून पाहिली त्यासच समजण्यासारखे होते.

नोकरीच्या याच काळात नारायणराव जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाकडे ओढले गेले. जोतीरावांचे शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते, ही गोष्ट आमच्यासारख्या मिशन शाळेतील विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांनी सन १८७७ मध्ये पुण्यास दीनबंधु नावाचे पत्र काढले होते. पैशाच्या अडचणीमुळे ते बंद पडण्याच्या वाटेवर आले. सन १८८० मध्ये ते मुंबईस आणण्यात आले व नारायणरावांनी त्याचे संपादकत्व अंगावर घेतले. तेव्हापासून मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे सतरा वर्षे, त्यांनी ते चालविले. शेतकरी आणि मजूर यांची दुःखे छापून काढणारे पत्र त्या काळी विरळाच होते. ज्यांच्यासाठी ते लिहिले जाई त्यांतील पुष्कळांस अक्षरओळख नव्हती. एकाने वाचावे व चाळीतील दहांनी ऐकावे, अशा रीतीनेच असा मजकूर मजुरांपर्यंत पोहोचणे शक्य होते.

इकडे सरकारातही या विषयाची चर्चा सुरू झाली होती. मुंबई सरकारने सन १८७५ मध्ये गिरण्यांच्या चौकशीसाठी एक मंडळ नेमले, आणि सन १८८१ मध्ये हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा संमत झाला. सात वर्षांखालील मुलांस कामावर घेऊ नये. सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून रोज नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये. यंत्राच्या धोक्याच्या भागांस कठडे घालावेत. अपघाताची वर्दी द्यावी. असे त्यातील मुख्य नियम होते. प्रारंभ म्हणून ते ठीक होते. परंतु प्रौढ स्त्रीपुरुषांच्या कामाच्या तासांविषयी त्यात एक अक्षरही नव्हते. शिवाय जेथे शंभरांहून कमी माणसे काम करीत, किंवा जो कारखाना वर्षातून चार महिन्यांहून कमी चाले, तो या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. आमच्या भागातील वाचकांस यातील मर्म चटकन समजेल. जिनिंगचे काम हंगामी असते. सन १८८४-८५ च्या सुमारास झालेल्या चौकशीत आपल्या शेजारच्या खानदेशातील जिनांविषयी जी माहिती पुढे आली ती वाचून मन विषण्ण होते. तेथे बायाबापड्या पहाटेपासून रात्रीपर्यंत कामावर राबत. हंगाम थोड्या महिन्यांचा असला तरी बोट तुटावयास एक क्षण पुरतो, हा विचार कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आला नव्हता.

सन १८८४ मध्ये मुंबई सरकारने दुसरे चौकशी मंडळ नेमले, तेव्हा नारायणरावांनी संधी ओळखली. मजुरांविषयी गिरणीवाले बोलत, डॉक्टर बोलत, साहेबलोक बोलत. मजुरांस मात्र कोणी विचारीत नसे. त्यांनी सप्टेंबर महिन्यात परळ येथे सुपारीबागेत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचा एक अर्ज तयार करविला. याच सुमारास त्यांनी मुंबई गिरणी कामगार संघ उभा केला. आजच्या अर्थाने तो संघ नव्हता, हे खरेपणाने सांगितले पाहिजे. त्यास वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, नियमांचे पुस्तकही नव्हते. त्याचे सारे भांडवल म्हणजे एक छोटे वर्तमानपत्र व एका माणसाची चिकाटी. तरीही आपल्या देशात मजुरांच्या नावाने उभी राहिलेली ही पहिली संस्था समजली जाते.

त्या अर्जात पाच मागण्या होत्या. पहिली, आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सर्व मजुरांस सुटी असावी. दुसरी, भर दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. तिसरी, काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावे. चौथी, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत चुकता व्हावा. पाचवी अशी की, कामावर असता एखाद्यास भारी इजा होऊन तो काही काळ निकामी झाल्यास, बरा होईपर्यंत त्यास पुरा पगार मिळावा. आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या चरितार्थाची योग्य सोय करावी.

या मागण्या आज वाचल्या तर त्यांतील नेमस्तपणा पाहून आश्चर्य वाटते. साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतचा दिवस ही त्यांस सवलत वाटत होती! परंतु पाचवी मागणी इतर चारींहून वेगळ्या जातीची आहे, आणि तिच्याविषयी आम्हांस थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे.

त्या काळी मजुरास इजा झाली तर लोक त्याच्या नशिबास बोल लावीत, किंवा त्याच्या हलगर्जीपणास. दोन्ही उत्तरांचा परिणाम एकच होता. इजेचा सारा खर्च त्याच्या घरावर पडे. बायको दागिना मोडी, सावकार दारात येई, आणि मुलगा कामावर जाई. गिरणीस त्यात एका पैचीही तोशीस नसे. आता विचार करा, ज्यास तोशीस नाही तो चाकास कठडा कशासाठी बांधील? मनुष्याची पाठ फुकट मिळत असता ओझे उचलणारे यंत्र कोण विकत आणील? मालक क्रूरच असला पाहिजे असे नाही. तो हिशेबी असतो, आणि हिशेबात जी रक्कम मांडलेलीच नाही ती त्यास दिसत नाही. नारायणरावांची मागणी मान्य झाली असती तर ती रक्कम त्याच्या वहीत आली असती. इजेचा खर्च ज्याच्या अंगावर पडतो तोच इजा टाळण्याची युक्ती शोधतो, हे तत्त्व त्या पाचव्या मागणीच्या पोटात होते. ते मांडणाऱ्याने काही वर्षे भांडाराच्या वह्या लिहिल्या होत्या, हा आम्हांस केवळ योगायोग वाटत नाही.

सरकारने या अर्जाचा त्या वेळी काही उपयोग केला नाही. पण नारायणराव थकणारे नव्हते. त्यांनी पुन्हा सभा भरविल्या, पुन्हा अर्ज केले. सन १८९० च्या एप्रिल महिन्याच्या २४ तारखेस महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार मजूर जमले. त्या सभेत दोन मजूर स्त्रियांनी भाषणे केली, ही त्या काळची अपूर्वच गोष्ट म्हटली पाहिजे. साप्ताहिक सुटीची मागणी गिरणीमालकांच्या मंडळाकडे गेली आणि १० जून १८९० रोजी मंडळाने ती मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार म्हणून हिंदू मजुरांस प्रिय होता. आम्हां ख्रिस्ती लोकांचा तो उपासनेचा दिवस. मोशेच्या नियमशास्त्रात विसाव्याची आज्ञा दिली आहे ती धन्यापुरती नाही. दास, दासी, परका, इतकेच काय पण बैलसुद्धा त्या विसाव्याचे हक्कदार आहेत. ती आज्ञा आम्ही उपासनेत कैक वेळा वाचतो. मुंबईच्या मजुरांस त्या विसाव्याचा लाभ एका हिंदू गृहस्थाच्या खटपटीने झाला, हे आम्ही नम्रपणे व कृतज्ञतेने कबूल करतो.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने कारखान्यांतील मजुरांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी आणखी एक मंडळ नेमले व मुंबईपुरते नारायणरावांस त्यात घेतले. ज्यास पूर्वी कोणी विचारीत नव्हते तो आता विचारणाऱ्यांच्या पंक्तीस बसला. सन १८९१ च्या दुरुस्त कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांस मज्जाव झाला, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांस सात तासांची व स्त्रियांस अकरा तासांची मर्यादा घातली गेली, दुपारचा अर्धा तास विसावा व आठवड्याची सुटी कायद्यात आली, आणि पन्नास माणसांचे कारखानेही त्याच्या कक्षेत घेतले गेले. पाचवी मागणी मात्र तशीच राहिली.

नारायणरावांचे कार्य गिरणीच्या आवारापुरते नव्हते. विधवांचे केशवपन करणार नाही असा निश्चय मुंबईच्या नाभिक बंधूंनी सन १८९० च्या सुमारास केला, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. सन १८९३ मध्ये मुंबईत हिंदू व मुसलमान यांच्यात भयंकर दंगा झाला. तेव्हा दोन्ही समाजांच्या मजुरांस एकत्र आणून राणीच्या बागेत ऐक्याची मोठी सभा भरविण्यात त्यांनी पुढाकार घेतला. सरकारने त्यांस जस्टिस ऑफ द पीस नेमले व सन १८९५ मध्ये रावबहादुर ही पदवी दिली. पदवी मिळाली म्हणून त्यांनी मजुरांची चाळ सोडली नाही, हे पुढील प्रसंगावरून दिसून येईल.

सन १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग शिरला. ज्यांस शक्य होते ते शहर सोडून गेले. गिरणगावातील दाट वस्तीत, जेथे एका खोलीत दोन दोन बिऱ्हाडे राहत, तेथे मृत्यूने घर केले. नारायणराव त्या वस्तीत राहिले. रोग्यांची व्यवस्था लावणे, भ्यालेल्यांस धीर देणे, हे काम करीत असता तोच रोग त्यांस जडला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांनी देह ठेविला. त्यांचे वय पन्नासही नव्हते. पुढच्याच महिन्यात पुण्यास सावित्रीबाई फुले याच रोगाने, अशीच सेवा करीत असता, निवर्तल्या. भारताच्या टपाल खात्याने सन २००५ मध्ये नारायणरावांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ज्याने टपाल व रेल्वेच्या कारकुनीतून आयुष्याचा आरंभ केला त्याचे मुखमंडल पत्रांवर देशभर फिरले, हा योग मनोरम खरा.

आता त्या राहिलेल्या मागणीची कथा. सन १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा संमत झाला व १ जुलै १९२४ पासून अमलात आला. सुपारीबागेतील सभेपासून मोजले तर चाळीस वर्षे लागली. मागणी करणारास जाऊन सत्तावीस वर्षे लोटली होती. आणि त्या मागणीच्या पोटातील दुसरे तत्त्व, म्हणजे इजा झाल्यावर भरपाई देण्यापेक्षा ती होऊच नये अशी व्यवस्था करणे, हे सन १९४८ च्या कारखाना कायद्यात विस्ताराने आले. त्यात माल चढविणारे पाळणे, उचलणारी यंत्रे, साखळ्या व दोर यांची वेळोवेळी तपासणी करण्याचे कलम होते, आणि ज्याने इजा होईल इतके जड ओझे कोणाही मजुरास उचलावयास लावू नये असेही स्वतंत्र कलम होते. बाजारपेठांतील हमालांसाठी महाराष्ट्राने सन १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सन १९६७ मध्ये प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. आमच्या येथे बांधली जाणारी रुईची गठाण सुमारे १७० किलोंची असते. म्हणजे ती उचलणे हे कोणा एका माणसाचे कामच नव्हे.

मग ती उचलावी कोणी? याचे उत्तर यंत्राने उचलावी असे आहे. परंतु तेथेही एक अट आहे. नारायणराव चार वर्षांचे असताना, सन १८५२ मध्ये, अमेरिकेत न्यूयॉर्कजवळील यॉंकर्स या गावी एलिशा ओटिस नावाचा एक कारागीर पलंगांच्या कारखान्यात काम करीत होता. माल वर चढविणाऱ्या पाळण्याचा दोर तुटला की पाळणा माणसांसह खाली कोसळत असे. ओटिसने पाळण्यास अशी कमान जोडली की, दोर तुटताच ती मोकळी होऊन दोन्ही बाजूंच्या दातेरी खांबांत अडकावी व पाळणा जागच्या जागी थांबावा. सन १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्याने स्वतः पाळण्यावर उभे राहून, सर्वांदेखत दोर कापवून ही गोष्ट सिद्ध केली. ओझे उचलणारे यंत्र त्यापूर्वीही होते. ते थांबविणारी कमान जोडली गेली तेव्हाच ते विश्वासाचे झाले. नियमशास्त्रात नवे घर बांधणारास धाब्याला कठडा घालण्याची आज्ञा आहे, तिचा हाच अर्थ नव्हे काय? घर आपले असले तरी त्यावरून पडणाऱ्याचा दोष आपल्या माथी येतो.

आमच्या जिल्ह्यातील चित्रही हळूहळू पालटत आहे. केंद्र सरकारने सन २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान मोहीम सुरू केली, तिच्या एका भागात जिनिंग व प्रेसिंगच्या कारखान्यांचे नूतनीकरण करण्याची योजना होती. अशा सुधारलेल्या कारखान्यांत कापूस डोक्यावरील टोपल्यांतून न जाता हवेच्या जोराने नळातून ओढला जातो, रुई फिरत्या पट्ट्यावरून प्रेसपर्यंत जाते, आणि गठाणी उचलण्यास फोर्कलिफ्ट असते. या योजनेचा मुख्य हेतू कापूस स्वच्छ राहावा, त्यात केस, चिंध्या व सुतळीचे धागे मिसळू नयेत, हा होता. मजुराची पाठ वाचली ती त्यासोबत वाचली. लाभ झाला याचा आम्हांस आनंदच आहे. तथापि रुईच्या शुभ्रतेस जी किंमत मिळाली तीच मनुष्याच्या कण्यास आधी मिळावयास हवी होती, असे नारायणरावांचे चरित्र वाचणारास वाटल्यावाचून राहत नाही. आणि जेथे अद्याप ही साधने पोहोचली नाहीत, तेथे हमालाची पाठ हीच यारी आणि त्याची मान हाच पट्टा आहे.

यंत्र आले म्हणजे धोका गेला, असेही कोणी समजू नये. पाठीची दुखापत टळते तेथे चिरडण्याचे भय येते. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी व पालकांनी काही साध्या गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. टांगलेल्या ओझ्याखाली क्षणभरही उभे राहू नये. फोर्कलिफ्टच्या दातांवर कोणी गंमत म्हणूनही चढू नये, आणि शिकलेल्या चालकावाचून तिला हात लावू नये. ती मागे येत असता तिच्या वाटेत थांबू नये, कारण ओझ्याआड चालकास सारे दिसत नाही. चालू पट्ट्यात अडकलेला कापूस यंत्र बंद केल्यावाचून हाताने काढू नये. सैल वस्त्र व मोकळा पदर त्याजवळ नेऊ नये. साखळी, दोर व आकडा रोज पाहावा. आणि जेथे एवढे सारे नसेल तेथे निदान दोन चाकांची हातगाडी तरी मागावी. ती मागण्यात लाज नाही. साडेपाच हजार मजुरांनी सह्या केल्या, त्यांतील पुष्कळांनी अंगठेच उठविले असतील. पण त्यांनी मागितले म्हणून आज आपणांस मागता येते.

आमचे काही विद्यार्थी उद्या कारखान्यांत अभियंते होतील, काही दुकानांत व अडतींत मालक होतील, काही हमालीही करतील. त्या सर्वांस या चरित्रापासून एकच गोष्ट शिकता येईल. नारायणरावांपाशी धन नव्हते, मोठे पद नव्हते, परदेशची विद्या नव्हती. वहीत ज्याची नोंद होत नव्हती त्याची नोंद त्यांनी केली, आणि ती पुसू दिली नाही. शत्रूचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तरी त्यास उठविण्यास हात लाव, असे पवित्र शास्त्र शिकविते. मग ओझ्याखाली आपला बाप, आपला शेजारी, आपला सोबती पडला असता आपण काय करावे, हे निराळे सांगावयास नको.

यंदाही कापसाचे दिवस येतील. बाके मोजण्याचे काम आम्हांकडे आहे, आणि ते आम्ही करीतच राहू. त्यांतील एकही बाक कोणाच्या मोडलेल्या पाठीमुळे रिकामे पडू नये, अशी आमची परमेश्वराजवळ प्रार्थना आहे. आणि ज्यांच्या हाती गिरणी, जिन, गोदाम किंवा दुकान आहे त्यांजवळ विनंती आहे.